पायाखालची जमीन

१८ ऑक्टोबर १९१३ रोजी कॅनडातील विनिपेग शहराजवळ ट्रान्सकोना या ठिकाणी एक नवे कोरे धान्याचे कोठार कलू लागले. आसपासच्या गव्हाळ प्रदेशातून रेल्वेने येणारे धान्य साठवण्यासाठी ते बांधले होते. काँक्रीटच्या पासष्ट उंच, गोलाकार कोठ्या, त्यांची उंची सुमारे ३१ मीटर, आणि त्या सर्वांच्या खाली ५९ मीटर लांब व २३ मीटर रुंद असा काँक्रीटचा एकसंध तक्ता, असे त्याचे स्वरूप होते. रिकाम्या कोठाराचेच वजन २०,००० टनांच्या आसपास होते. सप्टेंबरमध्ये त्यात धान्य भरण्यास प्रारंभ झाला. कोठार जवळजवळ भरत आले असताना त्या दिवशी एका तासात ते सुमारे ३० सेंटीमीटर खचले. मग ते पश्चिमेकडे झुकू लागले, आणि चोवीस तासांनी स्थिर झाले तेव्हा उभ्या रेषेपासून सुमारे २७ अंशांनी कललेले होते. भिंती मात्र जवळजवळ अभंग राहिल्या. काँक्रीटमध्ये दोष नव्हता, सळ्यांमध्ये नव्हता, गवंड्यांच्या कामातही नव्हता. पुढे खालच्या खडकापर्यंत आधारस्तंभ नेऊन ते कोठार सरळ करण्यात आले आणि वापरातही आले.

जमिनीची परीक्षा केलीच नव्हती असे म्हणावे तर तेही खरे नाही. पायासाठी खोदलेल्या खड्ड्याच्या तळाशी एक लहान पट्टी ठेवून तिच्यावर वजन चढवण्यात आले होते. त्या चाचणीत जमीन अपेक्षित भाराहून अधिक भार सहज पेलताना दिसली. चाचणी खोटी नव्हती. ती अपुरी होती, आणि तिच्या अपुरेपणाचे कारण समजले म्हणजे भूमिपरीक्षेच्या शास्त्रातील निम्मे मर्म हाती आले असे समजण्यास हरकत नाही.

भार जमिनीवर टेकताच तेथेच विरून जात नाही. तो खाली उतरतो आणि उतरता उतरता बाजूंना पसरत, विरळ होत जातो. फ्रेंच गणिती बुसिनेस्क याने १८८५ मध्ये या पसरण्याचे गणित मांडले. त्याचे सार असे की, चौरस पायाच्या तळाशी जेवढा दाब असतो त्याचा सुमारे पाचवा हिस्सा पायाच्या रुंदीच्या दीडपट खोलीवर, आणि दहावा हिस्सा दुप्पट खोलीवर पोहोचतो. या प्रभावक्षेत्राचा आकार कांद्यासारखा असल्यामुळे अभियंते त्याला दाबाचा कंद म्हणतात. आता ७५ सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीखालचा कंद फार तर दीड मीटर खोल जाईल. २३ मीटर रुंद तक्त्याखालचा कंद ४० मीटरांहूनही खोल जाऊ पाहील. ट्रान्सकोना येथे वरचा थर ताठ चिकणमातीचा होता. लहान पट्टीने त्याचीच तेवढी परीक्षा घेतली. त्याच्या खाली अधिक मऊ चिकणमाती होती, आणि तिची गाठ पडली ती थेट कोठाराशी. १९५१ मध्ये त्या जागेशेजारी वेध घेऊन नमुने काढण्यात आले, तेव्हा हा मऊ थर स्पष्ट दिसला. त्या नमुन्यांच्या बळावरून केलेल्या गणितात जमीन ज्या दाबाला हार मानेल असे निघाले, आणि कोठार ज्या दाबाला प्रत्यक्ष कलले, त्या दोहोंत शेकडा पाचाहूनही कमी अंतर होते. एवढे बिनचूक उत्तर मिळाले, परंतु अडतीस वर्षांनी.

जमीन पारखून घर बांधावे ही दृष्टी आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येच्या प्रकरणात एक सोपी परीक्षा सांगितली आहे. हातभर खोल खड्डा खणावा आणि निघालेली माती पुन्हा त्यातच भरावी. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर वर्ज्य. दुसऱ्या परीक्षेत खड्डा पाण्याने भरून शंभर पावले चालून परत यावे आणि पाणी कितपत ओसरले ते पाहावे. यांतील शुभाशुभाचा भाग बाजूला ठेवला तरी निरीक्षण मार्मिक आहे. घट्ट बसलेली माती खणताना मोकळी होऊन फुगते, म्हणून ती उरते. आधीपासूनच भुसभुशीत असलेली माती दाबून भरली की कमी पडते. पाण्याची परीक्षा ही जमिनीतून पाणी किती वेगाने झिरपते याचा अंदाज देते. गावोगावचे गवंडी पहार आपटून तिच्या नादावरून आणि हाताला बसणाऱ्या झिणझिण्यांवरून कडक मुरूम लागल्याचे ओळखत, तीही याच कुळातील विद्या. एकमजली घराला ती पुरत असे. दहा मजल्यांची इमारत आली की हातभर खड्ड्याचे आणि पहारीचे राज्य संपते, कारण दाबाचा कंद त्यांच्या आवाक्याबाहेर जातो.

आधुनिक तपासणीचा प्रारंभ कुदळीने होत नाही, कागदांपासून होतो. जुने नकाशे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची पत्रके, शेजारच्या इमारतींचा अनुभव, आसपासच्या विहिरींतील पाण्याची पातळी आणि वयोवृद्ध रहिवाशांची आठवण ही सारी यातील साधने होत. शहरांतील जागांची नावेही पुष्कळ काही सांगून जातात. मुंबईतील धोबीतलाव येथे आज तलाव नाही, पण तो होता. चेन्नईतील त्यागराय नगर ही वस्ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एक मोठा लांबट तलाव कोरडा करून त्या जागी वसवण्यात आली. तेथून जवळच्या पश्चिम मांबलममधील एका रस्त्याचे नाव ‘लेक व्ह्यू’ असे आहे, परंतु तेथून सरोवराचे दर्शन होत नाही. बंगळूरचे मुख्य बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या पात्रात उभे आहे. तलाव बुजवला जातो तेव्हा पाणी दिसेनासे होते, तळाचा गाळ मात्र जागच्या जागी असतो. आणि त्यावर टाकलेली भरणी कशाची आहे, डबराची की कचऱ्याची, हे खणल्याशिवाय सांगता येत नाही. खेड्यातील बुजवलेली विहीर आणि मुंबईच्या किनाऱ्यावरील समुद्र हटवून मिळवलेली जमीन या एकाच जातीच्या अडचणी होत, फरक केवळ आकाराचा.

त्यानंतर प्रत्यक्ष जागेवर जाऊन खोदणे आले. उथळ पायासाठी चाचणी खड्ड्याइतके प्रामाणिक साधन दुसरे नाही. माणूस त्यात उतरून थर डोळ्यांनी पाहू शकतो, माती हातात घेऊन चुरडू शकतो. परंतु तीन-चार मीटरांपलीकडे, विशेषतः पाणी लागल्यावर, खड्डा धोक्याचा आणि खर्चाचा होतो. मग वेधनछिद्र घ्यावे लागते. मऊ जमिनीत गिरमिटाने, कठीण जमिनीत यंत्राने, आणि बाजू ढासळत असतील तर लोखंडी नळी उतरवून किंवा बेंटोनाइट मातीचा पातळ रबडा भरून हे छिद्र पाडतात. छिद्रे किती आणि कोठे घ्यावी याविषयी भारतीय मानक १८९२ च्या १९७९ मधील आवृत्तीत सांगितलेला संकेत पुष्कळांना ठाऊक आहे. सुमारे ०.४ हेक्टर क्षेत्राच्या आटोपशीर जागेसाठी चार कोपऱ्यांत चार आणि मध्यभागी एक, तर लहान, कमी महत्त्वाच्या इमारतीसाठी मध्यभागी एकसुद्धा पुरे. खोलीबाबत साधारण प्रमाण असे की, पायाच्या तळापासून खाली त्याच्या रुंदीच्या दीडपट तरी तपासणी जावी. ट्रान्सकोनाची कथा वाचलेल्याला या दीडपटीचे मूळ कोठे आहे हे निराळे सांगावे लागणार नाही. तथापि हे संकेत म्हणजे किमान मर्यादा होत. पाच छिद्रांपैकी एकात काही वेगळेच निघाले, तर सहावे आणि सातवे छिद्र घेण्याची तयारी हवी. ही तयारी बहुधा नसते, कारण पाच छिद्रांचाच ठेका दिलेला असतो.

छिद्रातून केली जाणारी सर्वांत रूढ चाचणी दिसायला अगदी रांगडी आहे. सुमारे पाच सेंटीमीटर व्यासाची, उभी दोन भागांत उघडता येणारी नळी गजांना जोडून छिद्राच्या तळाशी टेकवतात. वरून ६३.५ किलोग्रॅम वजनाचा घण ७५ सेंटीमीटर उंचीवरून पुन्हा पुन्हा सोडतात. नळी पहिले १५ सेंटीमीटर आत जाईपर्यंतचे घाव जमेस धरीत नाहीत, कारण छिद्राच्या तळाची माती वेधनामुळे चाळवलेली असते. पुढच्या ३० सेंटीमीटरांसाठी लागलेल्या घावांची संख्या म्हणजे त्या थराचा ‘एन’ आकडा. वाळूत हा आकडा दहाच्या खाली असेल तर ती सैल, तीसच्या वर असेल तर दाट. चिकणमातीत चारच्या खाली मऊ, तीसच्या वर अत्यंत कठीण. या पद्धतीचा उगम १९०२ मध्ये अमेरिकेतील बॉस्टनमधील एका ठेकेदाराच्या कामात सापडतो. ती पुढे प्रमाणित झाली आणि कार्ल टेर्झागी व राल्फ पेक यांच्या १९४८ मधील ग्रंथामुळे जगभर पसरली. ६३.५ हा विचित्र आकडा म्हणजे १४० पौंडांचे भाषांतर, एवढेच.

ही चाचणी स्वस्त आहे, सोपी आहे, आणि तितक्याच सहजपणे बिघडवताही येते. घण बांधलेला दोर कप्पीवर अडखळला तर घणाचा जोर कमी पडतो आणि घाव वाढतात. जमीन आहे त्यापेक्षा बळकट भासते. छिद्राचा तळ साफ केला नाही तर मोजले जातात ते खालच्या जमिनीचे नव्हे, पडलेल्या गाळाचे घाव. पाण्याखालच्या वाळूत छिद्रातील पाण्याची पातळी बाहेरच्यापेक्षा खाली गेली तर वाळू उकळल्यासारखी तळातून वर येते आणि सैल होते. दाट वाळूही मग दुबळी ठरते. घाव मोजणारा मजूर, नोंद करणारा कारकून आणि तंबूत बसलेला अभियंता यांच्यात अंतर असले की कागदावरचे आकडे सुबक होऊ लागतात. दर दीड मीटरावर नियमितपणे वाढत जाणारे, कोठेही न अडखळणारे आकडे पाहून अनुभवी माणूस समाधानी होत नाही. त्याला संशय येतो.

माती हाताने ओळखता येते हे खरे, पण तिचे बळ आणि तिचे दबणे प्रयोगशाळेतच मोजावे लागते. त्यासाठी पातळ पोलादी नळी हलकेच दाबून मातीचा शक्य तेवढा अविचलित नमुना काढतात, दोन्ही टोके मेणाने बंद करतात आणि नळी आडवी-तिडवी न आपटता प्रयोगशाळेत नेतात. चिकणमातीचा नमुना उन्हात पडून राहिला किंवा ट्रकमध्ये गडगडला की त्याच्यावर केलेली पुढची सारी परीक्षा व्यर्थ. टेर्झागीने १९२५ मध्ये व्हिएन्नात आपला मृदायांत्रिकीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने दाखवलेली महत्त्वाची गोष्ट ही की, पाण्याने भरलेल्या चिकणमातीवर भार आला की तो प्रथम तिच्यातील पाण्यावर येतो. ते पाणी सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू बाहेर पडते, आणि जसजसे पडते तसतसा भार मातीच्या कणांवर उतरतो व थर आकसतो. वाळूतून पाणी तत्काळ निघून जाते, म्हणून वाळूवरची इमारत बांधतानाच बरीचशी खचून घेते. चिकणमातीवरची इमारत वर्षानुवर्षे खचत राहते. थराची जाडी दुप्पट असेल तर त्याला लागणारा काळ दुप्पट नव्हे, चौपट. सारी इमारत सारखीच खचली तर दारापुढच्या पायऱ्या आणि नळांचे जोड यांपलीकडे फारसे बिघडत नाही. एक कोपरा अधिक आणि दुसरा कमी खचला की भिंतींना तिरप्या भेगा पडतात.

कोलकाता हे या प्रश्नाचे भारतातील अभिजात उदाहरण होय. गंगेच्या त्रिभुज प्रदेशात वसलेल्या या शहराखाली वरच्या दहा-पंधरा मीटरांत मऊ, गाळवट चिकणमाती आहे. तिच्यात कुजलेल्या लाकडाचे आणि वनस्पतींचे काळे थर सापडतात. अधिक ताठ माती त्याच्या खाली लागते. परंतु ज्या भागात आदिगंगेसारखे जुने प्रवाह वाहत होते, तेथे हा क्रम मोडलेला असतो आणि नदीने आणून टाकलेली वाळू व गाळ खोलवर भरलेला आढळतो. एकाच मोहल्ल्यातील दोन भूखंडांखालची जमीन त्यामुळे सर्वस्वी निराळी असू शकते. शेजाऱ्याचा अहवाल उसना घेऊन पाया बांधण्याची सवय अशा ठिकाणी महागात पडते.

दख्खनच्या पठारावरची अडचण याच्या उलट आहे. तेथील काळी माती दबण्याऐवजी फुगते. बेसाल्ट खडकापासून झालेल्या या मातीतील माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज पावसाळ्यात पाणी शोषून घेते आणि उन्हाळ्यात सोडून देते. विदर्भ-मराठवाड्यातील, माळव्यातील किंवा उत्तर कर्नाटकातील शेतकऱ्याला वैशाखात शेतात पडणाऱ्या रुंद भेगा परिचयाच्या आहेत. त्याच भेगा घराच्या भिंतीत का उमटतात, याचे कोडे त्याला पडत नाही. हलक्या, एकमजली इमारतींनाच या मातीचा अधिक त्रास होतो ही गोष्ट मात्र चमत्कारिक वाटते. जड इमारत आपल्या वजनाने मातीचे फुगणे काही अंशी दडपून ठेवते. शाळेच्या खोलीला किंवा मजुरांच्या चाळीला तेवढे वजन नसते.

ही माती ओळखण्याची परीक्षा कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत करता येण्यासारखी आहे. वाळवून बारीक चाळलेली माती प्रत्येकी दहा ग्रॅम घेऊन दोन मोजपात्रांत टाकतात. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्ही पात्रांतील मातीची पातळी वाचतात, आणि जो फरक दिसतो तो रॉकेलमधील आकारमानाच्या शेकडेवारीत मांडतात. पाण्यातील माती दुपटीच्या आसपास फुगलेली दिसली की साध्या उथळ पायाचा विचार सोडून द्यावा. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी कंदासारखा फुगवटा असलेला काँक्रीटचा खांब विकसित केला. ऋतुमानाप्रमाणे होणारा ओलाव्याचा बदल साधारण साडेतीन मीटरांच्या खाली पोहोचत नाही. खांबाचा कंद त्या स्थिर थरात रुततो आणि वरची माती कितीही फुगली तरी घराला उचलू देत नाही. हा उपाय महाग नाही, पण काळ्या मातीची खोली किती आणि तिच्याखाली काय आहे हे आधी कळले तरच तो योजता येतो. कित्येक ठिकाणी दोन मीटरांवर मुरूम लागतो आणि खांबांची गरजच उरत नाही.

खडक लागला म्हणजे चिंता मिटली, ही समजूतही तपासून पाहण्याजोगी आहे. डोंगरउतारावर मातीत पुरलेला मोठा धोंडा वेधनयंत्राला खडकासारखाच भासतो. म्हणून खडकात निदान दोन-तीन मीटर तरी आत जाऊन तो सलग आहे की नाही हे पाहतात. बाहेर निघालेल्या दंडगोल तुकड्यांपैकी दहा सेंटीमीटरांहून लांब असलेल्या तुकड्यांची बेरीज वेधाच्या लांबीशी ताडून खडकाचा दर्जा ठरवतात. सह्याद्रीच्या लाव्हाथरांत आणखी एक फसवणूक असते. कठीण काळ्या पाषाणाच्या खाली, दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये, तांबड्या मातकट पदार्थाचा मऊ थर दडलेला आढळतो. पहिल्या मीटरभर पाषाणावर खूष होऊन वेध थांबवला तर तो दिसत नाही.

वाळूचा प्रश्न भूकंपात उग्र होतो. सैल, बारीक आणि पाण्याने भरलेली वाळू जोराने हादरली की तिचे कण एकमेकांवरचा आधार सोडतात आणि ती काही क्षण द्रवासारखी वागते. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारमधील भूकंपात उत्तर बिहारच्या विस्तीर्ण पट्ट्यात घरे कलली व जमिनीत रुतली. जपानमधील निइगाता येथे १९६४ मध्ये चार मजली सदनिकांच्या इमारती अखंडपणे आडव्या होत गेल्या. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात कांडला बंदरातील कार्यालयाचा मनोरा कलला. त्याच्याखाली १८ मीटर लांबीचे खांब होते. वरच्या चिकणमातीतून ते खालच्या वाळूत उतरवले होते आणि तेथेच त्यांची टोके संपत होती. स्थिर काळात भार पेलणाऱ्या त्या वाळूने हादऱ्यात साथ सोडली. खांब किती लांब आहेत यापेक्षा ते कोणत्या थरात संपतात आणि तो थर कोणत्या प्रसंगी कसा वागेल हे अधिक महत्त्वाचे, ही गोष्ट भूकंपप्रवण प्रदेशातील तपासणीत आता गृहीत धरली जाते.

या सर्व नोंदींतून जो अहवाल तयार होतो त्याचा उपयोग वाचणाऱ्यावर अवलंबून असतो. प्रत्येक छिद्राचा उभा आलेख, थरांची वर्णने, भूजलाची पातळी, पाण्यातील व मातीतील सल्फेटचे प्रमाण आणि शेवटी जमिनीवर सुरक्षितपणे टाकता येईल असा दाब, हे सारे त्यात असते. घाईत असलेला मालक शेवटचा एकच आकडा पाहतो. वास्तविक तो आकडा एका विशिष्ट खोलीसाठी, विशिष्ट रुंदीच्या पायासाठी आणि खचण्याच्या एका मान्य मर्यादेसाठी काढलेला असतो. यांतील काहीही बदलले की तो बदलतो. भूजलाची पातळी मे महिन्यात मोजली असेल तर ऑगस्टमध्ये ती कोठे असेल हे अहवालात लिहिलेले असले पाहिजे. एवढ्या तपासणीचा खर्च बहुधा बांधकामाच्या एकूण खर्चाच्या शेकडा एकाच्या आतच राहतो. तरीही काटकसरीची पहिली कात्री याच रकमेवर चालते, कारण या पैशाचे पुढे डोळ्यांना दिसेल असे काहीच उभे राहत नाही.

आणि अहवाल हाती आला तरी तपासणी संपत नाही. पाच छिद्रांच्या मधली जमीन कोणी पाहिलेली नसते. ती अनुमानाने भरून काढलेली असते. म्हणून पायाचे खड्डे उघडले की अभियंत्याने आलेख हातात घेऊन प्रत्येक खड्ड्यात उतरावे, तळाची माती आलेखातल्या वर्णनाशी ताडून पाहावी, आणि एखाद्या खड्ड्यात अनपेक्षित काळा चिखल किंवा जुन्या विहिरीची विटांची कड दिसली तर काँक्रीटची गाडी थांबवावी. वेधातून निघालेले खडकाचे दंडगोल आणि मातीचे उरलेले नमुने खोलीच्या क्रमाने लाकडी पेट्यांत रचून, प्रत्येक पेटीवर छिद्राचा क्रमांक व तारीख लिहून, इमारत पुरी होईपर्यंत जागेवरच्या कोठीत जपून ठेवतात.